नाव झाकलेला अभंग

वारकरी घरातले मूल महाविद्यालयात इंग्रजी साहित्य शिकायला गेले की त्याला दोन्हीकडून एकेक इशारा ऐकावा लागतो. घरची वडीलधारी माणसे सांगतात, "शीक बाळा, पण अभंगाची चिरफाड करायला शिकू नकोस." वर्गात याच्या उलट सूचना मिळते. तिथे सांगतात, "श्रद्धा दाराबाहेर ठेवा आणि मग कवितेकडे पाहा." हे दोन्ही इशारे काळजीपोटी दिलेले असतात. एकाला भक्ती जाईल याची काळजी, दुसऱ्याला विचार बुडेल याची. मात्र दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की बारकाईने वाचणे आणि भक्तीने वाचणे या दोन वाटा कुठेच मिळत नाहीत.

मी एम. ए. इंग्रजीच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी आहे आणि आमच्या घरी आषाढीची वारी आहे. त्यामुळे हा प्रश्न मला पुस्तकातला वाटत नाही. यंदा आमच्या अभ्यासक्रमात आलेल्या एका इंग्रजी समीक्षाग्रंथाच्या निमित्ताने या गृहीताची थोडी तपासणी करावी, असे मनात आहे. ग्रंथ आहे आय. ए. रिचर्ड्स यांचा 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम', म्हणजे प्रत्यक्ष कविता हातात घेऊन करायची समीक्षा. तो १९२९ साली प्रसिद्ध झाला. आज जगभर इंग्रजीच्या वर्गात कविता ज्या रीतीने शिकवली जाते, तिच्यावर या ग्रंथाचा मोठा प्रभाव आहे.

रिचर्ड्स केंब्रिज विद्यापीठात शिकवत होते. त्यांनी वर्गात एक साधा प्रयोग केला. ते विद्यार्थ्यांना छापील कविता देत. कवीचे नाव नाही, काळ नाही, कसलीही माहिती नाही. आठवडाभर ती कविता घरी वाचायची आणि जे वाटेल ते मोकळेपणाने लिहून आणायचे. लिहिणाऱ्यानेही आपले नाव घालायची गरज नव्हती. कविता किती वेळा वाचली, तेवढे मात्र नोंदवायचे. चारपेक्षा कमी वेळा वाचणारे थोडेच निघाले आणि कित्येकांनी दहाबारा वेळा वाचल्याचे लिहिले. ग्रंथात अशा तेरा कविता आहेत, त्यांवर विद्यार्थ्यांनी लिहिलेले अभिप्राय आहेत आणि मग रिचर्ड्स यांचे विवेचन आहे.

हे विद्यार्थी बहुतांशी इंग्रजी साहित्याची पदवी घेऊ पाहणारे होते. कविता त्यांच्या मातृभाषेतल्या होत्या. तरीही निकाल धक्कादायक लागला. कवितेत सरळ काय म्हटले आहे, हेच अनेकांना कळले नव्हते. जॉन डन हा सतराव्या शतकातला इंग्रजीतला थोर भक्तकवी. त्याचे एक सुनीत कागदावर होते. त्याला नाके मुरडणारे जास्त निघाले आणि त्याच संचातल्या एका साध्या, गोड, निसर्गाचे गुणगान करणाऱ्या कवितेला त्याहून अधिक पसंती मिळाली. कागदावर डनचे नाव छापलेले असते, तर यातल्या बऱ्याच जणांनी मान लववली असती, हे उघड आहे. म्हणजे इतके दिवस ते कवितेला मान देत होते की नावाला, हा प्रश्न उभा राहिला.

रिचर्ड्स यांनी विद्यार्थ्यांची थट्टा केली नाही. वाचताना अडते कुठे, याची त्यांनी दहा ठिकाणे नोंदवली. त्यांतली चार आपल्या उपयोगाची आहेत. पहिले, सरळ अर्थच न लागणे. दुसरे, वाचकाच्या स्वतःच्या आठवणींनी कवितेची जागा घेणे. तिसरे, मनात आधीच तयार असलेला, साठवणीतला प्रतिसाद. कवितेने कळ दाबली की तो बाहेर पडतो, कविता नीट वाचायची गरजच उरत नाही. चौथे, मतांचा आणि श्रद्धेचा अडथळा: कवी जे मानतो ते मी मानत नाही, म्हणून कविता वाईट; किंवा मीही तेच मानतो, म्हणून चांगली.

हे चारही दोष वाचताना मला आमचे भजनी मंडळ डोळ्यांसमोर आले, हे आधीच सांगते. पण त्याकडे वळण्यापूर्वी आमच्या वर्गात काय झाले ते पाहू.

आमच्या सरांनी हाच प्रयोग आमच्यावर केला. दोन कागद वाटले. पहिला कागद डनच्या त्याच सुनीताचा. दुसऱ्यावर एक छोटी कविता होती, ती सरांनी स्वतः मराठीतून साध्या इंग्रजीत उतरवलेली. जो कविता ओळखेल त्याने लिहायचे नाही, फक्त चर्चा ऐकायची, असा नियम होता. दुसरा कागद हातात येताच मी ओळखला. सासरी निघालेली मुलगी, आई हरवलेले बाळ आणि पाण्याबाहेर पडलेली मासोळी अशा तीन दृष्टांतांचा तो तुकोबारायांचा अभंग होता. सरांनी 'तुका' हे नाव काढून तिथे 'मी' घातला होता आणि 'केशवा' या हाकेच्या जागी 'प्रभू' या अर्थाचा 'लॉर्ड' हा शब्द ठेवला होता. म्हणून मी गप्प बसून ऐकत राहिले, आणि हे ऐकणे फार बोलके ठरले.

बऱ्याच जणांनी लिहिले की ही स्त्रीच्या दुःखाची कविता आहे. कुणी बालविवाहाचा उल्लेख केला. मुलीला घर सोडावे लागते आणि मुलाला लागत नाही, या अन्यायाविषयी दोघींनी मनापासून लिहिले होते. एकाने 'लॉर्ड' म्हणजे नवरा असा अर्थ लावला. जुन्या इंग्रजीत पत्नी पतीला या शब्दाने हाक मारते, हे त्याला ठाऊक होते. आणखी एकाने मासोळीचा दृष्टांत अतिरंजित ठरवला: मुलगी आणि बाळ पुरेसे होते, तडफडणारी मासोळी आणून कवीने विनाकारण आवाज चढवला.

एखादा वारकरी तिथे असता तर त्याला हसू आले असते, किंवा रागही. माझे मत मात्र असे झाले की या मुलांनी जे पाहिले त्यातले अर्धे आपल्याला पाहता येत नाही, आणि त्यांच्या हातून जे सुटले त्यातले अर्धे त्यांना त्याच कागदावर सापडले असते.

आधी त्यांची जमा बाजू. वर्ग त्या मुलीपाशी थांबला. आपण थांबतो का? हा अभंग आपल्या तोंडात इतका बसलेला आहे की पहिला चरण म्हणताना आपले मन दुसऱ्यात गेलेले असते. मुलगी दिसायच्या आतच आपण केशवापर्यंत पोहोचतो आणि तिला 'नुसता दृष्टांत' म्हणून मागे सोडतो. तुकोबारायांनी तसे केलेले नाही. त्यांनी ती मुलगी खरोखर पाहिली आहे. वेशीपाशी वळून पाहणारी, पाय पुढे आणि डोळे मागे अशी. तिचे दुःख खरे आहे म्हणून तो दृष्टांत उभा राहतो. ज्याला तिचे वळून पाहणे कळले नाही, त्याला जिवाची ती अवस्थाही कळणार नाही, कारण कवीने ती सांगायला दुसरा शब्द वापरलेलाच नाही. अन्यायाविषयी लिहिणाऱ्या त्या दोघी अभंगाच्या विषयापासून दूर गेल्या होत्या, पण अभंगाच्या पहिल्या पायरीवर त्या आपल्यापेक्षा जास्त वेळ उभ्या राहिल्या.

आता जे सुटले ते पाहू. 'लॉर्ड' म्हणजे नवरा हा अर्थ चूक आहे, हे सांगायला वारकरी असण्याची गरज नाही. मुलगी कुठे पाहते? मागे. मागे काय आहे? माहेर. तिच्या जिवासारखी ज्याची अवस्था झाली आहे, तो ज्याला भेटीविषयी विचारतो आहे, तो माहेराच्या बाजूला असला पाहिजे. ती निघाली आहे त्या सासरच्या बाजूला तो असू शकत नाही. दुसरा दृष्टांत हे पक्के करतो: बाळ आईला शोधते. तिसरा त्याहून पक्के करतो: मासोळीला हवे आहे पाणी. माहेर, आई, पाणी. तिन्ही ठिकाणे जिवाच्या मुळाची आहेत. पंढरीला माहेर आणि विठ्ठलाला माउली म्हणणारी परंपरा ज्याला माहीत नाही, त्यालाही हे तीन शब्द शेजारी ठेवून पाहिले तर हाक कुणाला आहे ते उमगावे. सरांनी चर्चेत नेमके हेच करून दाखवले आणि 'लॉर्ड'चा अर्थ लावणाऱ्या त्या मुलाने आपला अर्थ आपणहून मागे घेतला.

मासोळीविषयीचा आक्षेपही असाच मिटतो. पहिल्या दोन दृष्टांतांत पाहणे आहे: मुलगी वळून पाहते, बाळ हुरहुरत पाहते. पाहणाऱ्याला निदान दिशा असते आणि वाटही पाहता येते. मुलगी सणाला परत येईल, बाळाला आई सापडेल. मासोळी काही पाहत नाही. तिच्यापाशी वेळच नाही. तिच्या चरणात पाहण्याचे क्रियापद गळून पडले आहे आणि नुसती तळमळ उरली आहे. याला आवाज चढवणे म्हणता येणार नाही. कवी एकेक आधार काढून घेतो आहे. मुलीला निदान मागे राहिलेले घर दिसते, बाळाला दिशाही कळत नाही, आणि मासोळीला श्वासच नाही. हा क्रम मी लहानपणापासून म्हणत आले, पण क्रम म्हणून तो माझ्यापुढे मांडला गेला तो इंग्रजीच्या वर्गात. हे ऋण मान्य करायलाच हवे.

तरीही त्या कागदाने दोन गोष्टी कायमच्या घालवल्या होत्या. कितीही बारकाईने वाचले तरी त्या सापडल्या नसत्या.

पहिली म्हणजे 'जीवन' हा शब्द. जुन्या मराठीत त्याचा अर्थ पाणी, आणि जगणे हा अर्थही त्यात आहेच. मासोळी जीवनापासून वेगळी झाली म्हणताना तुकोबारायांनी एकाच शब्दात पाणी आणि प्राण दोन्ही ठेवले. इंग्रजीत उतरवताना एक निवडावा लागतो. सरांनी पाणी निवडले, दुसरे काय करणार? याचा दोष इंग्रजीला देऊन आपण सुटणार नाही. आजचा मराठी वाचक नेमके उलटे करतो. त्याच्या कानाला 'जीवन' म्हणजे फक्त आयुष्य, आणि पाणी हरवते. संतवाङ्मयात असे शब्द पुष्कळ आहेत. 'उदास' हा आणखी एक. गाथेत तो आला की आपण मान खाली घालून बसलेला दुःखी माणूस पाहतो, पण तिथे त्याचा अर्थ अलिप्त, आसक्ती सुटलेला, असा असतो. दुःखी आणि अलिप्त यांत किती अंतर आहे, हे वारकऱ्याला सांगायला नको. सरळ अर्थच न लागणे हा रिचर्ड्स यांच्या यादीतला पहिला दोष आहे. तो केंब्रिजच्या पोरांचाच होता असे समजण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे नाव. रिचर्ड्स यांनी नावे काढली, कारण इंग्रजी कवितेत कवीचे नाव कवितेच्या बाहेर, खाली किंवा वर छापलेले असते. ते झाकले तरी कवितेचा एक शब्दही कमी होत नाही. अभंगात नाव शेवटच्या चरणाच्या आत असते, छंदात बसवलेले. आपण त्याला नाममुद्रा म्हणतो. या अभंगात तर 'तुका म्हणे' हे नेहमीचे शब्दही नाहीत. मासोळी जशी तळमळते तसा तुका तळमळतो, असे तिथे आहे. म्हणजे ते नाव सही करायला आलेले नाही. तीन दृष्टांत ज्याच्यासाठी आणले, तो स्वतः शेवटी पाण्याबाहेर पडलेला दिसतो. तिथे 'मी' घातला की व्याकरण टिकते, पण एका विशिष्ट माणसाने आपले नाव घेऊन दिलेली साक्ष जाते. 'मी' कुणालाही म्हणता येतो. 'तुका' म्हणणाऱ्याला आपले नाव पणाला लावावे लागते.

दिलीप चित्रे यांनी तुकोबारायांच्या अभंगांची इंग्रजी भाषांतरे १९९१ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली, तेव्हा पुस्तकाचे नावच 'सेज तुका' ठेवले, म्हणजे 'तुका म्हणे'. मुद्रा ही या कवितेची बाहेरची खूण नाही, हे त्या भाषांतरकाराने ओळखले होते, असे मला वाटते.

याच ओघात आणखी एक गोष्ट लक्षात आली. वर्गातल्या कागदावर 'लॉर्ड' हा शब्द दुसऱ्या ओळीत एकदा येऊन गेला, आणि शेवटपर्यंत वाचेतो मुले त्याला विसरली. म्हणूनच ती कविता त्यांना लग्नाची वाटली. आपण गातो तेव्हा असे होत नाही, कारण ती ओळ ध्रुवपद आहे. मुलगी झाली की ध्रुवपद, बाळ झाले की ध्रुवपद, मासोळी झाली की पुन्हा ध्रुवपद. प्रत्येक दृष्टांत त्या हाकेपाशी परत येतो. छापील कागदावर जी कविता चार कडव्यांची सरळ रेघ दिसते, ती गाताना एका हाकेभोवती तीन फेऱ्या घालते. ज्याने ती फक्त डोळ्यांनी वाचली, त्याच्या हाती तिची रचनाच पूर्ण आली नाही. रिचर्ड्स यांच्या पद्धतीची ही खरी मर्यादा आहे. वाचक म्हणजे कागद घेऊन एकटा बसलेला माणूस, असे ती धरून चालते. जी कविता अनेकांनी मिळून, टाळावर, पुन्हा पुन्हा म्हणण्यासाठी झाली, तिला ही खोली अपुरी पडते.

आता आपल्या घरात डोकावू. साठवणीतला प्रतिसाद हा रिचर्ड्स यांचा शब्द आपल्याला लागू होतो का? कीर्तनात 'तुका म्हणे' हे शब्द आले की पुढचे ऐकण्यापूर्वीच माना डोलू लागतात. ती मान कुणासमोर डोलली? तुकोबारायांसमोर, हे खरे. पण त्या चरणात ते आपल्याला फटकारत असतील तर? गाथेतले कितीतरी अभंग दांभिकाला, नुसती माळ मिरवणाऱ्याला झोडपणारे आहेत. त्यांनाही आपण त्याच गोडीने 'वा' म्हणतो. हा आदर आहे, पण ऐकणे नाही. शिवाय नाव पाहून मान लववायची सवय लागली की नावावर काहीही खपते. 'नामा म्हणे' ही मुद्रा असलेल्या रचना एकाच नामदेवांच्या नाहीत. विष्णुदास नामा हा पुढच्या काळातला वेगळा कवी, आणि दोघांच्या रचना वेगळ्या काढायला अभ्यासकांना पुष्कळ श्रम पडले. ते श्रम कशाच्या बळावर झाले? भाषा, आशय, संदर्भ बारकाईने वाचण्याच्या बळावर. नावाची प्रतिष्ठा राखायलासुद्धा नावाच्या पलीकडे पाहावे लागते.

खरे तर आपल्या परंपरेत बारकाईने वाचायची शिस्त मुळातच आहे. वारकरी कीर्तनात निरूपणाला एकच अभंग घेतात. चारपाच चरणांवर दोन तास बोलणे होते. एकेका शब्दापाशी थांबतात, त्याला ज्ञानेश्वरीतले, नाथभागवतातले, गाथेतले प्रमाण देतात. प्रमाण हा शब्दच पाहा. मी म्हणतो म्हणून हा अर्थ नाही, तर अमुक ठिकाणी हा शब्द असा आला आहे म्हणून हा अर्थ. समोर बसलेल्यांत पाठांतर असलेले जाणते असतात. कीर्तनकाराने शब्द चुकवला तर टाळकऱ्यांतूनच दुरुस्ती येते. इंग्रजी वर्गाला याहून वेगळे काय हवे असते? आणि गंमत अशी की ज्या जॉन डनचे सुनीत कागदावर होते, तोही १६२१ पासून अखेरपर्यंत लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलचा मुख्य धर्मोपदेशक होता. त्याची १६० प्रवचने आज उपलब्ध आहेत. बायबलातले एखादे वचन घ्यायचे, त्याचे भाग पाडायचे आणि शब्द शब्द उलगडायचा, ही त्याची रीत. त्याची पद्धत आपल्या फडावरच्या माणसाला परकी वाटणार नाही. तेव्हा चिरफाडीची भीती घालणाऱ्या वडीलधाऱ्यांना मी नम्रपणे एवढेच म्हणेन, की निरूपण ही चिरफाड नसेल तर बारकाईने वाचणेही नाही.

उरला तो सगळ्यांत कठीण प्रश्न, श्रद्धेचा. डनच्या सुनीतात पहिल्या आठ ओळींत शेवटच्या न्यायाच्या दिवसाचे आवाहन आहे. देवदूतांनी कर्णे फुंकावेत, पुरात, आगीत, युद्धात, दुष्काळात, म्हातारपणाने, निराशेने मेलेल्या सगळ्यांनी उठावे. नवव्या ओळीत कवी एकदम थबकतो. म्हणतो, देवा, त्यांना झोपू दे. माझीच पापे सगळ्यांपेक्षा जास्त असतील, तर तिथे पोहोचल्यावर कृपा मागायला फार उशीर झालेला असेल. मला इथेच, या खालच्या जमिनीवर, पश्चात्ताप करायला शिकव. रिचर्ड्स यांच्या काही विद्यार्थ्यांनी लिहिले की असल्या गोष्टींवर आमचा विश्वास नाही, म्हणून कविता भिडत नाही. ती मुले ख्रिस्ती देशातली, कर्णे आणि देवदूत लहानपणापासून ऐकलेली. आमच्या वर्गात बहुतेकांचा या कयामतीवर विश्वास असण्याचा प्रश्नच नव्हता, माझाही नाही. तरी मला ती नववी ओळ सरळ कळली. साऱ्या विश्वाचा हिशेब मागायला निघालेला माणूस मध्येच स्वतःच्या हिशेबाकडे वळतो, याला आपल्याकडे अनुताप हा शब्द आहे, आणि संतांनी त्याला भक्तीच्या वाटेवर मोठे स्थान दिले आहे. मत न जुळताही कविता पोहोचू शकते आणि मत जुळूनही ती बाहेर राहू शकते, हे यावरून दिसते.

इथपर्यंत रिचर्ड्स यांच्याशी माझे भांडण नाही. भांडण पुढे आहे. १९२६ साली लिहिलेल्या 'सायन्स अँड पोएट्री' या छोट्या पुस्तकात त्यांनी म्हटले होते की विज्ञानामुळे जुन्या श्रद्धा ढासळल्या, आता माणसाच्या मनाला गोंधळातून कविता वाचवू शकेल. म्हणजे श्रद्धेचे काम त्यांना श्रद्धेवाचून, कवितेकडून करून घ्यायचे होते. कवितेवर इतका विश्वास टाकणाऱ्या माणसाविषयी आदर वाटतो. पण त्यांच्याच पद्धतीने विचारावेसे वाटते: हे काम कुठली कविता करील? नाव काढलेली, हाक काढलेली, आठवडाभर वाचून अभिप्राय लिहिला की बाजूला ठेवलेली? मासोळीचा क्रम मला कळला तेव्हा मला आनंद झाला. त्या आनंदाने मनाला शिस्त येते, हे रिचर्ड्स यांचे म्हणणे खरे आहे. मात्र अभंग तिथे थांबत नाही. तो विचारतो, तुला हे कळले, पण तुझी तळमळ कुठे आहे? या प्रश्नाला उत्तराचा रकाना अभिप्रायाच्या कागदावर नसतो. त्याचे उत्तर जगून द्यावे लागते आणि त्याला आठवडा पुरत नाही. कदाचित म्हणूनच आपल्याकडे तोच अभंग वर्षानुवर्षे म्हणतात.

आपल्याकडे श्रवण, मनन आणि निदिध्यासन अशी पायरी सांगितली आहे. इंग्रजीच्या वर्गाने मला मननाची हत्यारे दिली आणि ती फार धारदार आहेत. श्रवण मला घराने दिले. तिसरी पायरी दोघांपैकी कुणी हातात आणून देत नाही. पहिल्या दोन पायऱ्यांचे वैर आहे, असे मात्र मला आता कुणी सांगू नये. नाव झाकून वाचले तेव्हा कळले की मी किती ठिकाणी न वाचताच मान डोलावते. नाव उघडून पुन्हा वाचले तेव्हा कळले की ते नाव तिथे का आहे.

म्हणून दोन्हीकडच्यांना एकेक विनंती. वर्गात श्रद्धा दाराबाहेर ठेवायला सांगणाऱ्या शिक्षकांनी एखादा अभंग एकदा टाळावर, ध्रुवपदासह ऐकवावा आणि मग कागद वाटावा. विद्यार्थ्यांचे अभिप्राय बदललेले दिसतील. आणि भजनी मंडळांनी एखाद्या एकादशीला, हरिपाठ झाल्यावर, रोजच्या तोंडातला एक अभंग घ्यावा. मुद्रेचा चरण बाजूला ठेवून आधीचे चरण मोठ्याने वाचावेत. प्रत्येकाने आपल्याला कळलेला सरळ अर्थ सांगावा. लहान मुलांना आधी बोलू द्यावे, कारण त्यांच्या मनात साठवण कमी असते. जो शब्द कुणालाच नीट सांगता येणार नाही, तो लिहून ठेवावा आणि जाणत्यांना विचारावा. एवढे झाल्यावर मुद्रेचा चरण म्हणावा आणि सगळा अभंग ध्रुवपदासह गावा. या सगळ्याला अर्धा तास लागेल. त्या दिवशी 'तुका म्हणे' ऐकताना मान डोलेल ती पुढचे ऐकून डोलेल.